उंच इमारतीचं इंग्रजी : एका खोडलेल्या वाक्याची गोष्ट

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी मराठी माध्यमातून शिकलेली तरुण आर्किटेक्ट आहे, पुण्यातल्या एका ऑफिसात नुकतीच लागली आहे. लंडनच्या सल्लागारांना पाठवायच्या प्रकल्पाच्या वर्णनात तिने लिहिलं : ‘आवर बिल्डिंग इज व्हेरी हाय अँड स्काय-टचिंग टॉवर, हॅविंग जी प्लस 32 फ्लोअर्स अँड बिग टेरेस.’ साहेबांनी ते लाल पेनाने खोडलं, कारण सांगितलं नाही. आता तिला उंच इमारतींचं वर्णन करायला लागणाऱ्या इंग्रजी शब्दांची यादी हवी आहे.

यादी मी देणार नाही. यादी पाठ करून लिहिलेली वर्णनं मी पंचवीसेक वर्षं तपासते आहे, आधी मुंबईत साइटवर, मग आखातात, आता घरी बसून. त्यात ‘मॅजेस्टिक’, ‘आयकॉनिक’, ‘ब्रेथटेकिंग’ सगळं असतं, फक्त इमारत दिसत नाही. तुमचं वाक्य त्या मानाने बरं आहे. त्यातला प्रत्येक शब्द काहीतरी सांगू पाहतोय, पण चुकीच्या जागेवरून. उंचीच्या इंग्रजी शब्दांचं मर्म तेवढंच आहे : शब्द कुठून मोजतो आणि कोणाच्या नजरेने बघतो. तुमचंच वाक्य घेऊन एकेक शब्द बघू.

पहिला ‘हाय’. मराठीत ‘उंच’ हा एकच शब्द माणसाला, डोंगराला, छताला आणि इमारतीला पुरतो. इंग्रजीने हे काम दोघांत वाटून दिलंय. जी वस्तू स्वतःच्या पायावर उभी आहे आणि रुंदीच्या मानाने उभट आहे ती ‘टॉल’ : माणूस, झाड, चिमणी, इमारत. जिची जागा जमिनीपासून वर आहे, किंवा जी उभी असली तरी आडवी पसरलेली आहे, ती ‘हाय’ : छत, फळी, डोंगर, कुंपणाची भिंत, ढग. म्हणून ‘टॉल बिल्डिंग’, पण त्याच इमारतीतलं ‘हाय सीलिंग’. म्हणून ‘टॉलेस्ट बिल्डिंग’, पण ‘हायेस्ट फ्लोअर’. माणसाला ‘हाय’ म्हणालात तर त्याने काहीतरी घेतलंय असा अर्थ होतो, हे कॉलेजात सगळ्यांना कळलेलं असतं.

‘हाय बिल्डिंग’ लिहिल्याने कोणी फाशी देत नाही, आकड्यापुढे तर दोन्ही चालतात : ‘200 मीटर्स हाय’ आणि ‘200 मीटर्स टॉल’. पण ‘द हायेस्ट बिल्डिंग इन द सिटी’ म्हटलं की चोखंदळ वाचक क्षणभर थबकतो. सगळ्यात उंच बांधलेली, की सगळ्यात उंच जागी असलेली? मुंबईत हा फरक डोळ्यांनी दिसतो. मलबार हिलच्या माथ्यावरचा दुमजली बंगला समुद्रसपाटीपासून चांगलाच ‘हाय’ असतो, पण त्याला ‘टॉल’ कोणी म्हणणार नाही. खाली गिरगावातला टॉवर ‘टॉल’ आहे, त्याचा पाया मात्र जवळजवळ भरतीच्या रेषेवर. आणि दोन्हींचं नाम एकच, ‘हाइट’. ‘टॉलनेस’ हा शब्द कोशात असेल, लिहायचा नसतो.

‘हाय-राइझ’मध्ये हाच ‘हाय’ बरोबर बसतो, कारण तिथे मुख्य शब्द ‘राइझ’ आहे, म्हणजे चढ. लो-राइझ, मिड-राइझ, हाय-राइझ अशी ती उतरंड. पण ‘हाय-राइझ’ हे कौतुक नाही, बऱ्याच ठिकाणी ती कायद्याची व्याख्या आहे, आणि ती ठरते अग्निशमनावरून. आपल्या 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत 15 मीटर किंवा त्याहून उंच ती हाय-राइझ. अमेरिकेत साधारण 75 फूट, तेही अग्निशमनाची गाडी जिथवर येऊ शकते त्या पातळीपासून सर्वांत वरच्या वापरातल्या मजल्यापर्यंत मोजून. इंग्लंडमध्ये 2022 च्या इमारत सुरक्षा कायद्याने 18 मीटर किंवा सात मजल्यांची रेघ आखली आणि तिच्या वरच्या निवासी इमारतींना ‘हायर-रिस्क’ म्हटलं. शहराची नियमावली आणखी वेगळी असू शकते, ती तपासून घ्या. मुद्दा असा की पाच-सहा मजल्यांची अगदी साधी सोसायटीसुद्धा आपल्याकडे कागदावर हाय-राइझ ठरते. लंडनच्या माणसाला ‘हाय-राइझ’ लिहून पाठवलंत तर तो भारावणार नाही, जिने किती रुंद आहेत ते विचारेल.

पुढचा शब्द ‘स्काय-टचिंग’. इथे तुम्ही ‘गगनचुंबी’चं भाषांतर केलंत, आणि मला तुमची कीव नाही, कौतुक वाटलं. आपली इमारत आकाशाचं चुंबन घेते, इंग्रजांची आकाशाला खरवडते. ‘स्क्रेप’ म्हणजे खरवडणंच. गंमत म्हणजे ‘स्कायस्क्रेपर’ हा शब्द मुळात इमारतीचा नाहीच. अठराव्या शतकात शिडाच्या जहाजांवर डोलकाठीच्या अगदी टोकाला लावायच्या छोट्या त्रिकोणी शिडाला तो वापरत. मग उंच घोडा, उंच माणूस असं करत करत 1880 च्या दशकात तो शिकागो आणि न्यूयॉर्कच्या नव्या इमारतींना चिकटला. विल्यम ल बॅरन जेनी यांची शिकागोतली 1885 ची होम इन्शुरन्स बिल्डिंग पहिली स्कायस्क्रेपर म्हणून सांगितली जाते. दहा मजले, साधारण 42 मीटर. आज नाशिकच्या गंगापूर रोडवरसुद्धा ती कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही. तिची ख्याती उंचीपेक्षा सांगाड्याची : मजल्यांचं ओझं जाड भिंतींऐवजी मुख्यतः धातूच्या खांबांनी आणि तुळयांनी पेललं होतं. पुढे दोन मजले चढवले आणि 1931 मध्ये ती पाडली.

तर ‘स्कायस्क्रेपर’ला ठरावीक मीटर नाहीत. तो बघणाऱ्याचा शब्द आहे. आजूबाजूच्या इमारतींतून जी ठळक वर निघते ती. मीटरचा शब्द हवा असेल तर ‘सुपरटॉल’ आणि ‘मेगाटॉल’ आहेत. शिकागोत मुख्यालय असलेल्या उंच इमारतींच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 300 मीटरपासून सुपरटॉल आणि 600 मीटरपासून मेगाटॉल ठरवलं. मेगाटॉल म्हणाव्या अशा इमारती हाताच्या बोटांवर मोजता येतात : दुबईची बुर्ज खलिफा, क्वालालंपूरची मर्डेका 118, शांघाय टॉवर आणि मक्केचा घड्याळाचा मनोरा. ब्रोशरमध्ये 40 मजल्यांना ‘सुपरटॉल’ लिहिलेलं मी तीनदा खोडलंय. चौथ्यांदा छापून आलं.

‘टॉवर’ तुम्ही बरोबर वापरलाय, पण त्याच्या छटा कळायला हव्यात. आपल्याकडे ‘ते आता टॉवरमध्ये राहायला गेले’ या वाक्यात चाळ सुटल्याचा सुस्कारा आणि थोडा हेवा दोन्ही असतात. इंग्रजीत ‘टॉवर’चा मूळ अर्थ सडपातळ, उभी, पुष्कळदा एकटी वास्तू. चर्चचा, किल्ल्याचा, घड्याळाचा मनोरा. मुंबई विद्यापीठाचा 1878 चा राजाबाई टॉवर, 280 फूट, हा या जुन्या अर्थाचा टॉवर आहे. परिषदेच्या हिशेबात तर निम्म्याहून कमी उंचीत वापरायचे मजले असतील तर ती ‘बिल्डिंग’ नव्हेच. म्हणून आयफेल टॉवर किंवा टोरंटोचा 553 मीटरचा सीएन टॉवर जगातल्या उंच ‘बिल्डिंग्ज’च्या यादीत सापडत नाहीत. अनेकवचनाचं मात्र कोणी मनावर घेत नाही. दलाल स्ट्रीटची फिरोज जीजीभॉय टॉवर्स ही एकच इमारत आहे, नरिमन पॉइंटची एक्सप्रेस टॉवर्ससुद्धा.

लंडनला लिहिताना एक सावधगिरी. ‘टॉवर’ चालेल, ‘टॉवर ब्लॉक’ नको. ब्रिटनमध्ये टॉवर ब्लॉक म्हटलं की 1950-60 च्या दशकांत नगरपालिकांनी बांधलेल्या भाड्याच्या घरांच्या उंच इमारती डोळ्यांसमोर येतात, आणि त्यांच्यामागे आठवणी आहेत. 1968 मध्ये पूर्व लंडनच्या 22 मजली रोनन पॉइंटमध्ये अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत पत्त्यांसारखा घसरला. चार जण गेले. 2017 मध्ये 24 मजली ग्रेनफेल टॉवरला आग लागून 72 जणांचा मृत्यू झाला. त्या आगीनंतर ‘क्लॅडिंग’ हा आमच्या धंद्यातला शब्द तिथल्या घराघरात पोचला : इमारतीला बाहेरून चढवलेलं आवरण. ग्रेनफेलचं आवरण ज्वलनशील होतं. तिथल्या सल्लागाराला पाठवलेल्या वर्णनात ‘क्लॅडिंग’ लिहिलंत तर ते कशाचं आहे ते त्याच वाक्यात लिहा. तो ते शोधणारच आहे.

आता ‘जी प्लस 32 फ्लोअर्स’. हे आपलं आणि आखाताचं बोलणं आहे. दुबईत ‘जी प्लस टू पी प्लस थर्टी’, म्हणजे तळमजला, पार्किंगचे दोन आणि वर तीस, म्हणालं की सगळ्यांना कळतं. लंडनच्या आर्किटेक्टलाही कळेल कदाचित, पण वाक्यात ते नकाशावरच्या खुणेसारखं दिसतं. एकूण किती ते सांगा : तळमजला अधिक 32 म्हणजे ‘थर्टी-थ्री-स्टोरी टॉवर’. अशा विशेषणात ‘स्टोरी’ एकवचनीच राहतो.

स्टोरी आणि फ्लोअर यांतला फरक शिकवताना मी मराठीचाच आधार घेते. आपण ‘दहामजली इमारत’ म्हणतो आणि ‘दहाव्या मजल्यावर राहतो’ म्हणतो. पहिल्यात मोजदाद आहे, दुसऱ्यात पत्ता. मोजदादीला स्टोरी, पत्त्याला फ्लोअर : ‘अ टेन-स्टोरी बिल्डिंग’, ‘ऑन द टेन्थ फ्लोअर’. आणि हो, ‘ऑन’. ‘इन द टेन्थ फ्लोअर’ म्हणजे स्लॅबच्या काँक्रीटमध्ये. स्पेलिंगमध्ये ब्रिटिश मंडळी वायच्या आधी ई घालतात, अमेरिकन गोष्टीच्या स्टोरीसारखंच लिहितात. लंडनला पाठवताना ई विसरलात तर तुमच्या इमारतीत 33 गोष्टी आहेत.

पत्त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. आपला पहिला मजला अमेरिकेत दुसरा, कारण त्यांचा ‘फर्स्ट फ्लोअर’ जमिनीलगतचा. तिथल्या पुष्कळ इमारतींत तेरावा मजला नसतो, हाँगकाँगमध्ये चार हा आकडा असलेले मजले गाळतात, कारण त्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दाजवळ जातो. त्यामुळे लिफ्टमधलं शेवटचं बटण बघून मजले सांगायचे नसतात. आणि मजल्यांवरून उंचीही सांगायची नसते. अल्टामाउंट रोडच्या अँटिलियाला 27 मजले म्हणतात, पण तिची 173 मीटर उंची नेहमीच्या फ्लॅटच्या मापाने केली तर पन्नासाहून जास्त मजल्यांची होईल.

उंची कुठून मोजायची ते झालं. कुठपर्यंत मोजायची हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे शब्दांवरून मोठमोठ्या माणसांची भांडणं झाली आहेत. देवळाचं उदाहरण घ्या. शिखर आहे, त्यावर कळस आहे, आणि बाजूला काठीला बांधलेला लाउडस्पीकरचा भोंगा आहे. भोंगा कळसाच्या वर गेला म्हणून देऊळ उंच झालं असं कोणी म्हणणार नाही. कळस काढला तर मात्र देऊळ अपुरं. इंग्रजीत कळस म्हणजे ‘स्पायर’ आणि भोंगा म्हणजे ‘अँटेना’. अधिकृत उंचीत स्पायर धरतात, अँटेना नाही.

न्यूयॉर्कमध्ये 1929 मध्ये क्रायस्लर बिल्डिंग आणि 40 वॉल स्ट्रीट यांची चढाओढ लागली होती. क्रायस्लरवाल्यांनी 185 फुटांचा पोलादी स्पायर इमारतीच्या आत गुपचूप जोडला आणि 23 ऑक्टोबरला साधारण दीड तासात तो वर काढून बसवला. 319 मीटर. समोरचे 283 वर बघत राहिले. पुढे 1998 मध्ये क्वालालंपूरचे पेट्रोनास टॉवर पूर्ण झाले, 452 मीटरचे. शिकागोचा सिअर्स टॉवर 442 मीटरचा. पण सिअर्सचं छप्पर आणि त्याचा वरचा वापरातला मजला पेट्रोनासपेक्षा कितीतरी उंच होते, आणि अँटेनांसह तर तो 520 च्या पुढे जात होता. पेट्रोनासवर कळस होते, सिअर्सवर भोंगे. मुकुट मलेशियाला गेला. शिकागोवाल्यांचा संताप इतका, की परिषदेने उंचीचे वेगवेगळे प्रकार करून टाकले : ‘आर्किटेक्चरल टॉप’, वापरातल्या सर्वांत वरच्या मजल्याची उंची, छपराची, आणि अगदी टोकाची, म्हणजे ‘टिप’. 2013 मध्ये वन वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या टोकावरच्या काठीवरून पुन्हा तोच वाद. कळस मानली तर 1776 फूट, अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं वर्ष. अँटेना मानली तर 1368. परिषदेने कळस मानली.

वर लिहिण्याजोगं काही नसलं की आर्किटेक्ट काय करतात त्यालाही शब्द आहे : ‘व्हॅनिटी हाइट’. वापरातल्या शेवटच्या मजल्यापासून टोकापर्यंतची, नुसती मिरवायची उंची. बुर्ज खलिफाच्या 828 मीटरमध्ये ती 244 आहे. तुमच्या इमारतीवर पाण्याची टाकी आणि लिफ्टची मशीनरूम झाकायला पडदी उंच नेली असेल, तर साहेबांसमोर हा शब्द काढू नका.

तर, ‘दिस टॉवर इज 118 मीटर्स टॉल’ असं लिहिण्याआधी विचारा : कठड्यापर्यंत, टाकीपर्यंत, की वीजरोधकापर्यंत? ‘टू द पॅरापेट’ किंवा ‘टू द रूफ’ ही तीन शब्दांची जोड वर्णनाला जी प्रतिष्ठा देते ती ‘मॅजेस्टिक’ने येत नाही.

अवयवांच्या नावांत मी फार रेंगाळत नाही, ती तुम्ही कॉलेजात शिकलात. पण दोन नावं फसवतात.

‘सेटबॅक’. आपल्याकडे सेटबॅक म्हणजे रस्तारुंदीसाठी सोडलेली जमीन, किंवा प्लॉटच्या हद्दीपासूनचं अंतर. उंच इमारतीच्या वर्णनात मात्र सेटबॅक म्हणजे वर जाताना इमारतीने घेतलेली माघार, पायरी. 1915 च्या न्यूयॉर्कमधल्या इक्विटेबल बिल्डिंगने आजूबाजूच्या गल्ल्यांवर एवढी सावली पाडली की पुढच्याच वर्षी शहराने नियम केला : रस्त्यालगत ठरावीक उंचीनंतर मागे सरा. एम्पायर स्टेटचा पायऱ्यापायऱ्यांचा आकार याच नियमातून आला. एकाच परिच्छेदात दोन्ही सेटबॅक आले तर आपला ‘फ्रॉम द प्लॉट बाउंडरी’ असा खुलासा करून लिहा.

दुसरा ‘कर्टन वॉल’. मराठीत पडदी भिंत म्हणजे दोन खोल्यांमधली, अर्ध्या विटेची, ओझं न पेलणारी भिंत. ‘पडदी’ म्हणून तुम्ही ‘कर्टन वॉल’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला बाहेरचा काचेचा दर्शनी भाग दिसेल. कर्टन वॉल ही सांगाड्याला बाहेरून टांगलेली, स्वतःपुरतं आणि वाऱ्यापुरतं पेलणारी भिंत, बहुधा काच आणि ॲल्युमिनिअमची. आतल्या पडदीला ‘पार्टिशन’. आणि किल्ल्यांच्या इंग्रजीत हाच शब्द तिसऱ्या अर्थाने येतो : दोन बुरुजांमधला तट म्हणजे कर्टन वॉल. तोफा झेलणारी ती भिंत आणि नरिमन पॉइंटची निळी काच, नाव एकच. रायगडावर गाइडचं काम करणाऱ्या एका मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ हसत होता.

आता क्रियापदं. तुमच्या वाक्यात एकच आहे, ‘इज’. खरा कमकुवतपणा तिथे आहे. विशेषण इमारतीला चिकटवलेलं लेबल असतं, क्रियापद तिला काहीतरी करायला लावतं आणि लिहिणाऱ्याचं मतही सांगून जातं. ‘द टॉवर राइझेस’ हे तटस्थ. ‘सोअर्स’ म्हटलं की घारीसारखी झेप, लिहिणारा खूश आहे. ‘लूम्स’ म्हटलं की अंगावर येते, धुक्यातून काहीतरी भीतिदायक पुढे सरकावं तशी. ब्रोशरमध्ये ‘लूम्स ओव्हर द नेबरहुड’ लिहिलेलं मी पाहिलंय, लिहिणाऱ्याला ‘उठून दिसते’ म्हणायचं होतं. ‘ड्वॉर्फ्स’ म्हणजे शेजारच्यांना बुटकं करते. विरोधकांच्या हरकतीत हे क्रियापद हमखास असतं, बिल्डरच्या अर्जात कधीच नसतं. ‘ओव्हरलुक्स’ म्हणजे वरून अमुकाकडे बघते : ‘द फ्लॅट्स ओव्हरलुक द रिव्हर’. आपलं ‘सी-फेसिंग’ त्यांना समजतं, पण ते शब्द आपल्या जाहिरातींचे.

आकाराचीही क्रियापदंच बरी. निमुळती होत जाते ती ‘टेपर्स’, शिकागोच्या 1969 च्या जॉन हॅन्कॉक सेंटरसारखी. पीळ घेते ती ‘ट्विस्ट्स’. दुबई मरीनातला कायन टॉवर पायथ्यापासून माथ्यापर्यंत 90 अंश वळतो. झुकण्याचे मात्र दोन शब्द नीट वेगळे ठेवा. अबू धाबीचा कॅपिटल गेट 18 अंश ‘लीन्स’, मुद्दाम. सॅन फ्रान्सिस्कोचा 58 मजली मिलेनियम टॉवर ‘टिल्ट’ झाला, कारण पाया खचला, आणि प्रकरण कोर्टात गेलं. ‘लीन’ हे मुद्दाम आणि नकळत, दोन्हींसाठी येतं. पिसाचा मनोरा तर नकळतच झुकला. पण तांत्रिक अहवालात ‘टिल्ट’ दिसला की लोक वकील शोधतात. वाऱ्याने डोलणं हे तिसरं, ‘स्वे’, आणि तो दोष नाही. प्रत्येक उंच इमारत डोलते, ती किती डोलावी हे ठरवलेलं असतं. तैपेई 101 मध्ये तेवढ्यासाठी 660 टनांचा गोळा टांगलाय. ‘शेक’ भूकंपाने होतं. मराठीत या सगळ्याला आपण ‘हलते’ म्हणतो आणि घाबरतो.

शेवटचा शब्द ‘टेरेस’. लंडनमध्ये टेरेस म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या घरांची रांग. आपल्या वाड्यांच्या ओळीसारखी, फक्त एकसारख्या तोंडांची. तुमच्या वाक्यातून त्यांना असं वाटू शकतं की टॉवरच्या पायथ्याशी मोठी घरांची ओळ आहे. गच्ची म्हणायचं असेल तर ‘रूफ टेरेस’ किंवा नुसतं ‘रूफ’. असे आपले इतरही शब्द आहेत. बंगला तिथे एकमजली असतो. डुप्लेक्स अमेरिकेत दोन कुटुंबांचं जोडघर. लॉफ्ट म्हणजे आपला सामान ठेवायचा माळा, ब्रिटनमध्ये कौलाखालची पोटमाळ्याची जागा, आणि न्यूयॉर्कमध्ये जुन्या कारखान्याचा करोडोंचा फ्लॅट. स्टिल्टवरची इमारत म्हटलं की तिकडे लाकडी पायांवरची झोपडी दिसते. ‘अंडरक्रॉफ्ट पार्किंग’ म्हणा. सुपर बिल्ट-अप एरिया हा तर पूर्णपणे आपला आविष्कार, तो भाषांतराच्या पलीकडचा आहे.

यातली माझी स्वतःची शरमेची कथा सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सुपरवायझरची मराठी डायरी इंग्रजीत करून परदेशी सल्लागारांना आठवड्याचा अहवाल पाठवणं माझ्याकडे होतं. डायरीत लिहिलेलं : ‘शनिवारी चौदावा स्लॅब पडला.’ साइटवरच्या प्रत्येकाला कळतं की काँक्रीट भरून झालं, आणि बहुतेक जिलेबीही वाटली. मी घाईत लिहिलं, ‘फोर्टीन्थ स्लॅब फेल ऑन सॅटरडे.’ रात्री दोनला साहेबांच्या घरी फोन आला, किती माणसं गेली म्हणून. ‘वॉज कास्ट’ किंवा ‘वॉज पोअर्ड’ हे दोन शब्द त्यानंतर मी कधी विसरले नाही. त्याच अहवालात ‘सेंटरिंग’ही होतं. तिकडे तो शब्द कमानीखालच्या आधारापुरता आहे, त्यांनी बिचाऱ्यांनी विचारलं की या इमारतीत कमानी कुठे आहेत. ‘फॉर्मवर्क’ लिहायला हवं होतं.

सरावासाठी एक इमारत सुचवते : कंबाला हिलची कांचनजंगा, चार्ल्स कोरिया यांची, 1983 ची. 84 मीटर, 32 घरं. आधी विशेषणं न लावता दिसतं ते लिहा. ‘अ स्लेंडर टॉवर, स्क्वेअर इन प्लॅन.’ मग कोपरे बघा. तिथे दोन मजले उंच गच्च्या कोरून काढल्या आहेत : ‘डबल-हाइट टेरेसेस आर कट इंटू द कॉर्नर्स.’ इथे ‘टेरेस’ चालतो, कारण ‘डबल-हाइट’ आणि ‘कट इंटू’ने तो कुठे आहे ते सांगून टाकलंय. मग का? मुंबईत वारा आणि समुद्राचं दृश्य पश्चिमेकडून येतं, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. या खोल गच्च्या जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यासारखं मधे उभं राहून ऊन-पाऊस अडवतात : ‘दे शेल्टर द रूम्स फ्रॉम सन अँड मॉन्सून.’ क्रियापद ‘शेल्टर’. तीन वाक्यं झाली, ‘ब्युटिफुल’ एकदाही आलं नाही.

आता तुमचं वाक्य. तुम्ही प्रश्नात दिलेल्या माहितीवरून मी असं लिहीन : ‘द थर्टी-थ्री-स्टोरी टॉवर राइझेस 105 मीटर्स टू द पॅरापेट अँड इज क्राउन्ड बाय अ लार्ज रूफ टेरेस.’ 105 हा आकडा मी मजल्याला सव्वातीन मीटरच्या आसपास धरून अंदाजाने टाकलाय, तो ड्रॉइंगवरून बदला. कळवलं नाहीत ते एकच : खाली पार्किंगचे पोडियम मजले, म्हणजे टॉवरखालचा रुंद चौथरा, आहेत का, आणि ते 32 मध्ये धरलेत की वेगळे? वेगळे असतील तर ‘थर्टी-थ्री’ चुकीचं आहे आणि ‘राइझेस’नंतर ‘फ्रॉम अ पोडियम’ घालावं लागेल. सल्लागार पहिला प्रश्न हाच विचारतील, म्हणून साहेबांकडे जाण्याआधी सेक्शन, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदाचं ड्रॉइंग, उघडून मजले मोजा.